भारतीय महिला फुटबॉल संघ

भारतीय महिला फुटबॉल संघ : आंतरराष्ट्रीय सामन्यांत भारताचे प्रतिनिधित्व करणारा महिलांचा वरिष्ठ संघ. त्याची निवड, प्रशिक्षण व सामन्यांची आखणी ही कामे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे आहेत. तथापि या संघाचा जन्म महासंघाच्या छत्राखाली झालेला नाही, ही गोष्ट त्याचा पुढील इतिहास समजून घेण्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतील दोन उपविजेतेपदे (१९८०, १९८३) व एक तृतीय क्रमांक (१९८१), दक्षिण आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतील पहिली पाच विजेतेपदे (२०१०–१९), दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांतील तीन सुवर्णपदके (२०१०, २०१६, २०१९) आणि पात्रता फेरी जिंकून आशियाई चषक स्पर्धेत मिळविलेला प्रवेश (२०२५) या त्याच्या ठळक कामगिऱ्या होत. २०२४ पर्यंत झालेल्या एकाही विश्वचषक वा ऑलिंपिक स्पर्धेत मात्र त्याला स्थान मिळालेले नाही.

या कामगिरीचा आलेख सरळ चढत जाणारा नाही. सामान्यतः एखाद्या खेळाचा राष्ट्रीय संघ प्रथम शेजारी देशांत, नंतर खंडात व शेवटी जगात नाव मिळवितो. भारतीय महिलांच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला. संघटना दुबळी, निधी अपुरा आणि खेळाला अधिकृत मान्यता जवळजवळ नाही, अशा काळात त्यांनी आशियात दुसरे स्थान मिळविले. आणि मान्यता मिळाल्यानंतरच्या दशकांत त्यांना त्या स्पर्धेत प्रवेश मिळणेही दुरापास्त झाले. या विसंगतीचे उत्तर खेळाडूंच्या गुणवत्तेपेक्षा त्यांना मिळालेल्या सामन्यांच्या संख्येत अधिक सापडते.

पार्श्वभूमी : महिलांच्या फुटबॉलला विरोध ही केवळ भारतातील गोष्ट नव्हती. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९२१ मध्ये आपल्या सभासद क्लबांची मैदाने महिलांच्या सामन्यांसाठी देण्यास बंदी केली व ती सुमारे पन्नास वर्षे टिकली. यूरोपातील इतर काही देशांतही असेच निर्बंध होते. १९७० च्या सुमारास हे निर्बंध उठू लागले. परंतु फीफा या जागतिक संघटनेने महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा भरविली ती १९९१ मध्ये. मधल्या वीस वर्षांत महिलांचे आंतरराष्ट्रीय फुटबॉल मुख्यतः स्वतंत्र, हौशी संघटनांच्या बळावर चालले.

आशियात हे काम आशियाई महिला फुटबॉल परिसंघाने केले. ही संस्था पुरुषांच्या आशियाई फुटबॉल परिसंघाहून वेगळी होती आणि १९८६ मध्ये त्यात विलीन होईपर्यंत तिनेच आशियाई अजिंक्यपद स्पर्धा भरविल्या. पहिली स्पर्धा १९७५ मध्ये हाँगकाँग येथे झाली. त्याच वर्षी भारतात महिला फुटबॉल महासंघाची स्थापना होऊन महिलांच्या आंतरराज्य स्पर्धांना सुरुवात झाली व राष्ट्रीय संघाच्या उभारणीस हात घालण्यात आला. कलकत्त्याचे सुशील भट्टाचार्य हे या संघाचे पहिले प्रशिक्षक होत. ईस्ट बेंगॉल क्लबचे पहिले प्रशिक्षकही तेच होते. प्रारंभीच्या खेळाडूंत बंगालमधील मुलींचा भरणा मोठा होता. शांती मल्लिक व कुंतला घोषदस्तीदार या त्यांपैकी विशेष गाजल्या. गोव्यातून आलेल्या योलांडा डिसोझा यांनीही या काळात आघाडीच्या फळीत नाव मिळविले.

आशियातील पहिले यश : कालिकत (कोळिकोड) येथे १९८० च्या प्रारंभी झालेली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा (काही नोंदींत ती १९७९ ची स्पर्धा म्हणून येते) ही भारतीय महिलांची पहिली मोठी कसोटी ठरली. यजमान या नात्याने भारताने या स्पर्धेत दोन संघ उतरविले होते. त्यांपैकी एकाने अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली व तेथे चायनीज तैपेई (तैवान) संघाकडून तो २–० असा पराभूत झाला. पुढील वर्षी हाँगकाँग येथे भारताला तिसरा क्रमांक मिळाला आणि १९८३ मध्ये थायलंडमधील स्पर्धेत तो पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला. या वेळी यजमान थायलंडने भारतावर ३–० अशी मात केली. त्याच वर्षी शांती मल्लिक यांना अर्जुन पुरस्कार देण्यात आला. हा पुरस्कार मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू होत.

या यशाचे मूल्य ठरविताना दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली अशी की, भारताने ज्या दोन स्पर्धांत उपविजेतेपद मिळविले, त्यांत चीन, जपान व दोन्ही कोरिया यांचे संघ नव्हते. चीन या स्पर्धेत प्रथम उतरला तो १९८६ मध्ये, आणि त्यानंतर आशियातील महिला फुटबॉलचे मानच पालटले. तेव्हा १९८० च्या सुमारास भारत आशियात दुसरा होता, याचा अर्थ तो खेळणाऱ्या मोजक्या देशांत दुसरा होता, असा घ्यावयास हवा. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच खरी आहे : ज्या मोजक्या देशांनी त्या वेळी हा खेळ महिलांसाठी खुला केला, त्यांत भारत होता. कालिकतला भारतास हरविणारा चायनीज तैपेईचा संघ १९९१ च्या पहिल्या विश्वचषक स्पर्धेत खेळला व उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत गेला. दोन्ही संघ १९८० मध्ये एकाच अंतिम सामन्यात उभे होते. अकरा वर्षांनंतर त्यांतील एक विश्वचषकाच्या मैदानावर होता आणि दुसरा पात्रतेच्या स्पर्धेतही नव्हता.

खंडित काळ : १९८६, १९८९, १९९१ व १९९३ या चारही आशियाई स्पर्धांत भारताचा संघ उतरला नाही. एका पिढीचे खेळण्याचे वय यात संपले. महिला फुटबॉल महासंघाकडे पैसा नव्हता, सरकारी मदत तुटपुंजी होती आणि पुरुषांच्या फुटबॉलची व्यवस्था पाहणाऱ्या महासंघाने महिलांच्या खेळाची जबाबदारी अजून घेतली नव्हती. १९९० च्या दशकाच्या आरंभी ती त्याने स्वीकारली व महिलांची वरिष्ठ राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा त्याच्या नियंत्रणाखाली सुरू झाली. (२०२३–२४ पासून ही स्पर्धा राजमाता जिजाबाई करंडक या नावाने ओळखली जाते.)

या राष्ट्रीय स्पर्धेने महिला फुटबॉलचा भूगोल बदलला. बंगालचे वर्चस्व संपले आणि मणिपूर पुढे आले. मणिपूरने ही स्पर्धा वीसहून अधिक वेळा जिंकली असून राष्ट्रीय संघातही त्या छोट्या राज्याच्या खेळाडू त्याच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी अधिक दिसतात. बाजारपेठेपासून सार्वजनिक चळवळीपर्यंत स्त्रियांचा उघड वावर असलेल्या त्या समाजात मुलींनी मैदानावर उतरणे फारसे खटकले नाही, हे त्याचे एक कारण दिले जाते. इंफाळच्या गल्ल्यांतील लहान क्लब आणि पोलीस दलातील नोकऱ्या ही कारणेही तितकीच महत्त्वाची मानली पाहिजेत.

ओइनाम बेंबेम देवी (१९८०– ) या मणिपुरी खेळाडूच्या कारकीर्दीत या संपूर्ण काळाचे प्रतिबिंब दिसते. लहानपणी मुलांत खेळता यावे म्हणून त्या मुलाचे नाव सांगत असत. वयाच्या पंधराव्या वर्षी, १९९५ मध्ये, त्यांनी राष्ट्रीय संघात प्रवेश केला आणि मधल्या फळीतून खेळ रचणाऱ्या खेळाडू म्हणून दोन दशके त्या संघाचा आधार राहिल्या. २०१४ मध्ये त्या मालदीवमधील न्यू रेडियंट या क्लबकडून खेळल्या. २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांतील सुवर्णपदकानंतर त्यांनी निवृत्ती पतकरली. २०१७ मध्ये अर्जुन पुरस्कार व २०२० मध्ये पद्मश्री हे सन्मान त्यांना लाभले. शांती मल्लिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाल्यानंतर दुसऱ्या महिला फुटबॉलपटूस तो मिळण्यास चौतीस वर्षे लागली.

१९९५ ते २००३ या काळात भारत पाच आशियाई स्पर्धांत खेळला, परंतु प्रत्येक वेळी गटसाखळीतच बाद झाला. या काळात संघ कोठे उभा होता, हे १९९८ च्या बँकॉक येथील आशियाई क्रीडास्पर्धांत कळून आले. तेथे चीनने भारताचा १६–० असा पराभव केला. चीनचा संघ त्या वेळी जगातील पहिल्या दोन-तीन संघांत गणला जात होता व पुढच्याच वर्षी तो विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात खेळला. तरीही सोळा गोलांचे अंतर हे केवळ कौशल्याचे नसते. शारीरिक तयारी, वर्षभराचा सराव आणि तुल्यबळ संघांशी खेळण्याची सवय या तिन्हींच्या अभावी सामन्याच्या उत्तरार्धात संघ कोलमडतो आणि गोलांची संख्या एकदम वाढते.

२००६ पासून आशियाई स्पर्धेसाठी पात्रता फेरीतून जाणे भारताला जमेना. त्याहून चमत्कारिक घटना २००९ मध्ये घडली. फीफाची महिला संघांची क्रमवारी २००३ मध्ये सुरू झाली. प्रत्येक आंतरराष्ट्रीय सामन्याचा निकाल, प्रतिस्पर्ध्याचे बळ व सामन्याचे महत्त्व यांवरून ती ठरते, आणि अठरा महिने एकही सामना न खेळणारा संघ तेव्हा क्रमवारीतून वगळला जात असे. भारतीय महिला संघ २००९ मध्ये नेमक्या याच नियमाने वगळला गेला. त्याचे नाव यादीतून गेले ते कोणाकडून हरल्यामुळे नव्हे, तर कोणाशी न खेळल्यामुळे. शंभर कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशावर ही वेळ यावी, याबद्दल त्या वेळी फारशी चर्चाही झाली नाही.

दक्षिण आशियातील वर्चस्व : २०१० मध्ये दोन नव्या स्पर्धा महिलांसाठी खुल्या झाल्या. ढाका येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत महिला फुटबॉलचा प्रथमच समावेश झाला व भारताने अंतिम सामन्यात नेपाळला हरवून सुवर्णपदक मिळविले. त्याच वर्षाच्या अखेरीस बांगलादेशातील कॉक्स बझार येथे पहिली दक्षिण आशियाई महिला अजिंक्यपद स्पर्धा झाली. तीत भारताने भूतानवर १८–० असा विजय मिळविला. बारा वर्षांपूर्वी स्वतः सोळा गोल स्वीकारणाऱ्या संघाच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा विजय असला, तरी भूतानच्या तेव्हाच्या संघाकडे पाहता तो अभिमानाने मिरविण्याजोगा नव्हे.

पुढील विजेतेपदे अधिक भरीव होती. २०१२ (कोलंबो), २०१४ (इस्लामाबाद), २०१६ (सिलिगुडी, अंतिम सामना जानेवारी २०१७) व २०१९ (विराटनगर) या स्पर्धाही भारताने जिंकल्या. पाचपैकी चार अंतिम सामन्यांत प्रतिस्पर्धी नेपाळ होता व सिलिगुडी येथे बांगलादेश. इस्लामाबादच्या अंतिम सामन्यात नेपाळवर मिळविलेला ६–० हा विजय या मालिकेतील सर्वांत एकतर्फी होय. त्या स्पर्धेत मणिपूरच्या ङांगोम बाला देवी यांनी सोळा गोल केले. चेंडू पायाशी घेऊन बचावपटूला अंगावर येऊ देणे व ऐन वेळी दिशा बदलणे हे त्यांच्या खेळाचे वैशिष्ट्य. २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबने त्यांच्याशी करार केला. आंतरराष्ट्रीय सामन्यांत पन्नास गोलांचा टप्पा त्यांनी २०२४ मध्ये पाकिस्तानविरुद्ध गाठला आणि त्याच सामन्यात बचावपटू लोइतोंगबम आशालता देवी या शंभर आंतरराष्ट्रीय सामने खेळणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. ओडिशाच्या डाव्या बगलेवरील खेळाडू सस्मिता मलिक, हरियाणातील अलखपुरा या गावातून आलेल्या संजू यादव आणि गोलरक्षक अदिती चौहान यांची नावेही या काळातील कामगिरीशी निगडित आहेत. चौहान यांनी २०१५ मध्ये लंडनच्या वेस्ट हॅम क्लबच्या महिला संघात स्थान मिळविले होते.

दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांतील सुवर्णपदक भारताने २०१६ मध्ये शिलाँग येथे व २०१९ मध्ये पोखरा येथे राखले. या विजयांमुळे क्रमवारी सुधारली. २०१३ च्या अखेरीस भारत एकोणपन्नासाव्या स्थानापर्यंत चढला होता. परंतु दक्षिण आशियातील यशाने एक भ्रमही निर्माण केला. २०१४ च्या इंचॉन येथील आशियाई क्रीडास्पर्धांत भारताने मालदीवला १५–० असे हरविले आणि दक्षिण कोरिया व थायलंड या दोघांकडून प्रत्येकी १०–० असा पराभव पतकरला. शेजाऱ्यांविरुद्धच्या विजयांनी झाकलेली दरी एका आठवड्यात उघडी पडली. २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी भारतीय ऑलिंपिक संघटनेने पुरुष व महिला या दोन्ही फुटबॉल संघांना परवानगीच दिली नाही. पदकाची शक्यता नाही, हे कारण देण्यात आले. न खेळणाऱ्या संघाची पदकाची शक्यता कशी वाढावी, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

दक्षिण आशियातील मक्तेदारीही टिकली नाही. काठमांडू येथील २०२२ च्या स्पर्धेत भारताला गटसाखळीत बांगलादेशने ३–० व उपान्त्य सामन्यात नेपाळने १–० असे हरविले. २०२४ मध्ये त्याच शहरात उपान्त्य सामन्यात नेपाळविरुद्ध १–१ अशी बरोबरी झाल्यावर पेनल्टी किकवर भारत पुन्हा बाद झाला. दोन्ही वेळा बांगलादेशने विजेतेपद मिळविले. शेजारी देशांनी मुलींना लहान वयापासून एकत्र ठेवून प्रशिक्षण देण्यास सुरुवात केली, त्याचे हे फळ होय.

नव्या वळणाच्या खुणा : दरम्यान देशांतर्गत पाया थोडा रुंदावला होता. जानेवारी २०१७ मध्ये कटक येथे सहा क्लबांची पहिली भारतीय महिला लीग झाली व इंफाळच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने ती जिंकली. पुढे गोकुलम केरळ या क्लबने लागोपाठ तीन वेळा विजेतेपद मिळविले. प्रारंभी ही लीग काही आठवड्यांत एकाच ठिकाणी उरकली जाई. २०२३–२४ पासून प्रत्येक क्लबाने स्वतःच्या व प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर खेळण्याची पद्धत सुरू झाली, त्यामुळे खेळाचा हंगाम महिन्यांत मोजता येऊ लागला. तथापि बहुतेक खेळाडूंच्या उपजीविकेचा खरा आधार पोलीस, रेल्वे वा सशस्त्र सीमा बल यांसारख्या खात्यांतील नोकरी हाच राहिला.

राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकपदी २०१७ मध्ये गोव्याच्या मेमॉल रॉकी यांची नेमणूक झाली. वरिष्ठ संघाच्या त्या पहिल्या महिला मुख्य प्रशिक्षक होत. त्यांच्या काळात भारताने टोकिओ ऑलिंपिकच्या पात्रता स्पर्धेची पहिली फेरी प्रथमच ओलांडली. एप्रिल २०१९ मध्ये म्यानमारमधील मंडाले येथे दुसऱ्या फेरीत भारताने इंडोनेशिया व नेपाळ यांना हरविले, यजमान म्यानमारशी ३–३ अशी बरोबरी केली आणि गुण समान असूनही केवळ गोलांच्या फरकामुळे पुढील फेरी गमावली. २०२१ मध्ये स्वीडनचे टॉमस डेनर्बी प्रशिक्षक झाले. त्या वर्षी संघाला परदेशांत सलग सामने मिळाले. ऑक्टोबरमध्ये बहारीन येथे भारताने चायनीज तैपेईचा १–० असा पराभव केला आणि नोव्हेंबरमध्ये ब्राझीलमधील मनाउस येथे यजमानांविरुद्ध तो ६–१ असा हरला. या सामन्यात भारताचा एकमेव गोल करणाऱ्या पंजाबच्या मनीषा कल्याण या पुढील वर्षी सायप्रसच्या अपोलॉन क्लबकडून यूरोपीय चँपियन्स लीगमध्ये खेळणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या.

ही सर्व तयारी आशियाई चषक स्पर्धेसाठी होती. जानेवारी–फेब्रुवारी २०२२ मध्ये ही स्पर्धा महाराष्ट्रात, नवी मुंबईतील डी. वाय. पाटील क्रीडागार, मुंबईतील अंधेरी क्रीडासंकुल व पुण्याजवळील बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल या तीन ठिकाणी झाली. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश होता व संघांची संख्या आठवरून बारा करण्यात आल्यामुळे बाद फेरी गाठण्याची आशा अवास्तव नव्हती. तेथून विश्वचषकाचा मार्गही खुला होत होता. २० जानेवारी रोजी नवी मुंबईत इराणविरुद्धचा पहिला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. गोल करण्याच्या अनेक संधी भारताने दवडल्या. तरी पुढील सामना तीन महिन्यांपूर्वी हरविलेल्या चायनीज तैपेईशी होता. तो सामना झालाच नाही. संघात करोना विषाणूचा संसर्ग पसरला आणि २३ जानेवारी रोजी नियमानुसार आवश्यक असलेल्या किमान तेरा खेळाडूही भारताला उभ्या करता आल्या नाहीत. स्पर्धेच्या विशेष नियमान्वये भारताने माघार घेतली असे मानण्यात आले व इराणविरुद्धचा निकालही रद्द झाला. यजमान संघ वगळून स्पर्धा पुढे चालू राहिली आणि ६ फेब्रुवारी रोजी नवी मुंबईत चीनने दक्षिण कोरियाला ३–२ असे हरवून चषक जिंकला. आपल्याच भूमीवर, वर्षभराच्या तयारीनंतर, पराभूत न होता स्पर्धेबाहेर जाण्याचा हा प्रसंग भारतीय महिला फुटबॉलच्या इतिहासात सर्वांत क्लेशकारक होय.

ते वर्ष दुसऱ्या दृष्टीनेही दुर्दैवी ठरले. महासंघाच्या कारभारात त्रयस्थांचा हस्तक्षेप झाल्याच्या कारणावरून फीफाने ऑगस्ट २०२२ मध्ये भारताला निलंबित केले. निलंबन अकरा-बारा दिवसांतच उठले. परंतु तेवढ्या अवधीत आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेला गोकुलम केरळचा महिला संघ एकही सामना न खेळता परतला. ऑक्टोबरमध्ये भुवनेश्वर, मडगाव व नवी मुंबई येथे झालेल्या सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषक स्पर्धेत यजमान भारत तिन्ही सामने हरला व त्याला एकही गोल करता आला नाही.

पात्रता फेरीतील विजय : या पार्श्वभूमीवर २०२५ ची कामगिरी पाहावी लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तुर्कस्तानातील निमंत्रितांच्या स्पर्धेत भारताने एस्टोनियाला ४–३ असे हरविले होते. यूरोपीय देशाच्या वरिष्ठ संघावरील हा त्याचा पहिला विजय. २०२६ च्या आशियाई चषकासाठी पात्रता फेरीचे नियम कठोर होते. प्रत्येक गटातून केवळ पहिल्या क्रमांकाचा संघ पुढे जाणार होता, दुसऱ्या क्रमांकाला वाव नव्हता. भारताच्या गटात मंगोलिया, पूर्व तिमोर, इराक व यजमान थायलंड हे संघ होते आणि सर्व सामने जून–जुलैमध्ये चिआंगमाई येथे झाले. थायलंडचा संघ २०१५ व २०१९ च्या विश्वचषक स्पर्धांत खेळलेला, क्रमवारीत शेहेचाळिसावा, भारत सत्तरावा.

क्रिस्पिन छेत्री यांच्या मार्गदर्शनाखालील भारतीय संघाने मंगोलियाला १३–०, पूर्व तिमोरला ४–० व इराकला ५–० असे हरविले. मंगोलियाविरुद्ध ओडिशाच्या प्यारी शाशा यांनी पाच गोल केले. ५ जुलै रोजी थायलंडशी गाठ पडली, तेव्हा दोन्ही संघांचे गुण व गोलांचा फरक सारखाच होता. त्यामुळे हा गटातील शेवटचा सामना असला, तरी प्रत्यक्षात तो अंतिम सामनाच होता. बंगालमधील कल्याणीच्या संगीता बासफोर यांनी पूर्वार्धात दुरून मारलेल्या फटक्यावर भारताला आघाडी मिळाली. उत्तरार्ध सुरू होताच थायलंडने बरोबरी साधली. मागील अनुभव पाहता येथून संघ ढासळण्याची भीती होती. परंतु ७४ व्या मिनिटाला बासफोर यांनीच दुसरा गोल केला आणि उरलेला वेळ बचावफळीने निभावून नेला. २–१ हा निकाल मोठा दिसत नाही. मात्र याच थायलंडने भारताला २०१४ मध्ये दहा गोलांनी व २०२३ मध्ये हांगजो येथील आशियाई क्रीडास्पर्धांत एका गोलाने हरविले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यामागील वाटचाल कळते. भारताने पात्रता फेरी जिंकून आशियाई स्पर्धेत प्रवेश मिळविण्याची ही पहिलीच वेळ होती. १९८० पासून २००३ पर्यंतच्या स्पर्धांत त्याचा सहभाग थेट प्रवेशाने झाला होता आणि २०२२ चा प्रवेश यजमानपदामुळे.

त्याच वर्षी वीस वर्षांखालील व सतरा वर्षांखालील मुलींचे भारतीय संघही आपापल्या आशियाई स्पर्धांसाठी पात्र ठरले. वरिष्ठ संघाच्या एका विजयापेक्षा या तिन्ही यशांचा एकत्र विचार अधिक बोलका आहे. कारण १९८३ नंतर जी गोष्ट तुटली होती ती नेमकी हीच, म्हणजे एका पिढीमागून दुसरी पिढी मैदानावर येण्याची.

आशियाई चषकाची गटवारी जुलै २०२५ मध्ये सिडनी येथे सोडत काढून ठरविण्यात आली. मार्च २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियात योजलेल्या या स्पर्धेवरच २०२७ च्या ब्राझीलमधील विश्वचषकासाठी आशियाई संघांची निवड अवलंबून ठेवलेली होती. सोडतीत भारताच्या वाट्याला जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई हे प्रतिस्पर्धी आले. यांपैकी शेवटचा संघ म्हणजे कालिकतच्या अंतिम सामन्यात भारताला हरविणारा आणि नवी मुंबईत ज्याच्याशी सामना होऊ शकला नाही, तोच होय.